वर मोकळं आहे

“टाकीवर चढण्यास सक्त मनाई आहे,” टेलरकाकूंनी मैदानाच्या पार टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीकडे बघत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

“वा काकू,” कॅप्टन म्हणाले. “आमच्या तरण्याताठ्यांना अडखळायला होतं. तुमचं आपलं एका दमात.”

कॅप्टन म्हणजे दातांचे डॉक्टर. तिकीट काढून बसण्यापलीकडे त्यांचा विमानाशी संबंध आला नव्हता. पण ड्रोन उडवणाऱ्या हौशी मंडळींचा हा गट त्यांनी जमवला, नियम स्वतः पाठ केले, दुसऱ्यांकडून पाठ करून घेतले, तेव्हा कुणीतरी चेष्टेत दिलेलं हे नाव त्यांनी आनंदाने अंगाला लावून घेतलं. रोज संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी मंडळी जमली की कॅप्टन हात मागे बांधून सुरू करत. एकशे वीस मीटरच्या वर जायचं नाही. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. हॉस्पिटलच्या बाजूला वळायचं नाही, तिथे हेलिकॉप्टर उतरतं. ड्रोन नजरेआड होऊ द्यायचा नाही. आणि जो कुणी डोळ्यांवर तो जाडा चष्मा चढवून उडवणार असेल, त्याने शेजारी दुसरं माणूस उभं केल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

हे शेवटचं काम काकूंकडे होतं. तो चष्मा म्हणजे नावाला चष्मा, खरं तर डोळ्यांवर बांधलेली पेटीच. तिच्या आत ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र दिसतं. माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि त्याला वाटत असतं आपण वर आहोत. त्याला ड्रोनच्या समोरचं सगळं दिसतं. वरचं, मागचं, बाजूचं काही दिसत नाही. ते शेजारच्याने उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि सांगायचं. मैदानावर अशा शेजारच्याला सगळे ‘नजर’ म्हणत. “आज नजर कोण?” असं कॅप्टन विचारत, आणि नजर असेल त्याला लांबच्या टाकीवरची पाटी वाचायला लावत. ती वाचल्याशिवाय उड्डाण नाही.

कल्पना चांगलीच होती. पण मैदानावरून दिसणारी टाकी एकच आणि तिच्यावरची पाटीही एकच. थोड्याच दिवसांत त्या वाचण्यात शाळेतल्या हजेरीपेक्षा जास्त काही उरलं नाही. कॅप्टन विचारत, नजर म्हणत, झालं. काकूंनी सुरुवातीला ती पाटी खरोखर वाचली होती, त्यातल्या ‘सक्त’चा रंग उडालाय हेसुद्धा त्यांनीच सगळ्यांना दाखवलं होतं. आता त्या टाकीकडे बघत तेव्हा टाकीच्या जागी त्यांना एक राखाडी डाग दिसे, ओल्या शाईवर कुणी अंगठा फिरवावा तसा.

“अगं, झालं का वाचून?” काका खुर्चीतून म्हणाले. पेटी कपाळावर सरकवलेली, रिमोट मांडीवर. “वारा बघ कसा फिरलाय. एक फेरी होऊ दे, मग घरी.”

“मी कुठे अडवलंय? तुमच्या कॅप्टनना सांगा.”

काका लिफ्टचे मेकॅनिक होते. सगळं आयुष्य उंच इमारतींच्या शाफ्टमध्ये, दोरांना लोंबकळत आणि ग्रीसने हात काळे करत गेलं. त्यामुळे उंची ते मजल्यांत मोजत. कॅप्टनचे एकशे वीस मीटर म्हणजे काकांचे चाळीस मजले. मग पाठ गेली. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना, शिडी, ओझं सगळं बंद केलं, आणि चाळीस मजले चढणारा माणूस तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. दाढी नाही. आंघोळीला चार वेळा सांगावं लागे. काही विचारलं की खेकसायचे, आणि नाही विचारलं तर “माझी कुणाला पर्वाच नाही” म्हणून पुन्हा खेकसायचे. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने शेवटी हा ड्रोन पाठवला. काकूंनी तो बघितल्याबरोबर म्हटलं होतं, “खेळणं पाठवलंय बापाला. आता हाही धूळ खाईल.”

पहिल्या दिवशी मैदानावरून परत येताना काका रिक्षात सारखे बोलत होते. “बाविसाव्या मजल्यावर होतो गं. सगळं गाव बघितलं. आपल्या घराचं पत्र्याचं छप्पर गंजलंय, सांगितलं नव्हतंस?” रात्री त्यांनी मागून वाढून घेतलं. काकू स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या, कारण सुखाने रडताना कुणी बघितलं तर काय सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतर कधीतरी डोळ्यांचं सुरू झालं. आधी सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या. काकू एका लाँड्रीत कपडे अल्टर करत. पँटची शिवण वाकडी दिसली तेव्हा त्यांनी मशिनला शिव्या घातल्या. मग अक्षरं मधूनच नाहीशी व्हायला लागली. दोरे आणायला जाते म्हणून त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या.

“मधलं जाईल, कडेचं राहील,” डॉक्टर म्हणाले. “अगदी अंधार होणार नाही, घाबरू नका. पण तुम्ही ज्याच्याकडे रोखून बघाल तेच नेमकं दिसणार नाही.”

मग काकू तिरकं बघायला शिकल्या. चहाचा कप बघायचा तर कपापलीकडच्या डब्याकडे बघायचं. माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या मागच्या भिंतीकडे. शिवण बोटांनी चाचपून घालता येते, सुईत दोरा इस्त्री करणारी ओवून देई. “तुझे डोळे तरुण आहेत गं बाई,” असं म्हटलं की ती खूश. घरात कुठली वस्तू कुठे आहे ते पायांना माहीत होतं. राहिलं फक्त मैदान.

सांगायला हवं होतं. काकूंना ते कळत नव्हतं असं मुळीच नाही. किती वेळा वाक्य ओठांपर्यंत आणलं. पण सांगितलं की नजर गेली, आणि नजर गेली की उडणं गेलं. गटातले बाकीचे आपापलं माणूस घेऊन येत. म्हाताऱ्या मेकॅनिकशेजारी रोज संध्याकाळी कोण उभं राहणार? कुणी एकदा राहील, दोनदा राहील. मग पुन्हा ती भिंत. त्या भिंतीला काकू डोळ्यांच्या आजारापेक्षा जास्त भ्यायल्या होत्या, हे खरं.

म्हणून त्यांनी कान कामाला लावले. ड्रोनचा आवाज कुठून येतो, किती पातळ होतो, यावरून तो कितव्या मजल्यावर असेल हे त्या सांगू शकत. हेलिकॉप्टर तर टेकडीपलीकडून ओरडत येई. छोटी विमानं, गस्तीचे मोठे ड्रोन, सगळी आधी वर्दी देत. आवाज आला की काकू म्हणत, “थांबा, खाली घ्या.” नाही आला की म्हणत, “मोकळं.” वर थोडी तिरकी नजर फिरवून घेत, तेवढाच आधार. असं सगळं नीट चाललं. एकदाही चूक झाली नाही, आणि त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून काही लोक कापडी पंख पाठीला बांधून उडी मारत. त्याला पॅराग्लायडिंग म्हणतात; त्यात इंजिन नसतं. वारा नेहमी तिकडून असायचा, त्यामुळे ते पलीकडच्या पलीकडेच उतरत. मैदानावरच्या लोकांनी त्यांना लांबून कधीतरी बघितलेलं, तेवढंच. त्या संध्याकाळी वारा फिरला होता. काकांनी स्वतःच ते म्हटलं होतं.

ड्रोन वर गेला. कॅप्टन कुणाचा तरी झुडपात अडकलेला ड्रोन काठीने सोडवत होते. काकूंच्या शेजारी गटात नवीन आलेल्या एकाची बायको थर्मास धरून उभी होती. तिला नजर व्हायचं होतं आणि शिकायचं होतं, म्हणून ती काकूंकडेच टक लावून बघत होती. काकू कशा उभ्या राहतात, मान कशी वळवतात.

“सातवा मजला,” काका म्हणाले. चष्म्याच्या पेटीखाली त्यांची हनुवटी हसत होती. “सरळ वर घेतो आता. वर मोकळं आहे ना?”

काकूंनी कान दिला. वारा आणि आपला ड्रोन, बाकी काही नाही. एरवी त्यांनी नजर जरा इकडेतिकडे फिरवली असती. पण ती बाई बघत होती, आणि नजर म्हटल्यावर माणसाने असं चोरट्यासारखं तिरकं बघणं बरं दिसत नाही. काकूंनी मान सरळ वर केली आणि जिथून ड्रोनचा आवाज येत होता तिथे थेट रोखून बघितलं.

“मोकळं,” त्या म्हणाल्या.

कापड फाटल्यासारखा, काठी मोडल्यासारखा एक आवाज आला. मग किंचाळी. बाईची होती.

“चित्र गेलं,” काका म्हणाले. “अगं, काळं झालं सगळं. काय झालं? अगं, सांग ना काय झालं!”

काकूंनी मान बाजूला फिरवली. तेव्हा कडेला त्यांना ते दिसलं. मोठा पिवळा पंख, अर्धा मिटलेला, अर्धा फडफडणारा, गरगरत झाडांच्या पलीकडे खाली जात होता. त्याच्या खाली पाय होते. थर्मास जमिनीवर पडला, आणि सगळं मैदान पळत सुटलं. काका पेटी डोळ्यांवर ठेवून तसेच बसले होते, “कुणीतरी सांगा रे” म्हणत. ती काढायची असते हेसुद्धा त्यांच्या लक्षात येत नव्हतं. शेवटी काकूंनी ती काढली.

ती मुलगी वाचली. शाळेची बस चालवणारी होती, तिशीच्या आतबाहेरची. अर्धा पंख फडफडत राहिला म्हणून जीव वाचला, असं सगळे म्हणाले. कंबरेला मार, आणि उजवा पाय गुडघ्याखाली इतक्या ठिकाणी मोडला होता की डॉक्टरांनी घरच्यांना आधी खुर्चीत बसवून मग सांगितलं.

मैदान बंद झालं. गटाच्या मोबाइलवर मात्र गर्दी उसळली. म्हातारा उंची ओलांडून गेला असणार, हे पहिल्या तासातच ठरलं. “मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलोय, एकशे वीस म्हणजे एकशे वीस,” कॅप्टननी लिहिलं. त्याला खाली भराभर अंगठे आले. हौशी माणसांना उंचीचा नियम आवडतो. त्यात आकडा असतो. कुणी ओलांडला की सापडतो, आणि बाकीचे आपोआप निर्दोष होतात.

 काकांनी या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. खुर्चीत बसून हात उलटसुलट करून बघत राहायचे. परगावच्या मुलीचा फोन आला की काकूंकडे देत. “बाबांना म्हणावं, मी येऊ का?” ती विचारी. “नको,” काकू म्हणत. “येऊन काय करणार? बापाला आणि मला बघत बसणार.” 

चौकशीला दोघांना बोलावलं तेव्हा काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. चौकशी करणाऱ्या बाई पोक्त होत्या, आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. टेबलावर मोडका ड्रोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. खोलीत कॅप्टनही होते, गटाचे प्रमुख म्हणून. ते दोघांकडेही बघत नव्हते.

“माझी चूक आहे,” बसायच्या आतच काका म्हणाले. “मी चाळिसाव्या मजल्याच्या वर गेलो. मर्यादा ओलांडली. लिहून घ्या.”

“बसा आधी,” बाई म्हणाल्या. “किती वर गेलात म्हणता?”

“एकशे वीसच्या वर. दीडशे असेल. भान राहिलं नाही.”

“आजोबा, यंत्रात सगळं उतरलेलं असतं. तुम्ही तीस मीटरलासुद्धा पोचला नव्हतात. ती खाली उतरत होती आणि तुम्ही खालून वर येत होतात.” बाई थांबल्या. “उंचीत तुमची काही चूक नाही. पण उंचीच्या आत राहिलं की झालं, असा नियम नाही. ज्यात माणूस आहे त्याला वाट द्यायची, मग तो कितीही खाली असो. आणि तुमच्या डोळ्यांवर चष्मा होता, म्हणजे तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी बघत होतं. कोण होतं?”

कॅप्टन पुढे सरकले. “या काकू. मी स्वतः तपासलं होतं, मॅडम. पाटी वाचून घेतली होती. नजर अगदी पक्की आहे.”

“मग दिसलं नाही का यांना?”

“दिसलं,” काका म्हणाले. काकूंनी झटकन त्यांच्याकडे वळून बघितलं आणि त्यामुळेच काकांचा चेहरा त्यांना दिसेनासा झाला. “तिला दिसलं. ती ओरडली होती. मीच ऐकलं नाही. मला आणखी वर जायचं होतं, मी तिचं ऐकलं नाही.”

 काकूंना आधी वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मग वाटलं, मला वाचवतोय. आणि मग अंगावर एकदम गार पाणी पडावं तसं झालं. वाचवायचं कशापासून, हे त्यांना माहीत असल्याशिवाय कसं वाचवतील?

“काकू?” बाईंनी विचारलं. “तुम्ही ओरडला होतात का?”

नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. नवरा तर म्हणतच होता. गुन्हा त्याच्या नावावर गेला असता, आणि त्याने तो आपण होऊन घेतला होता. लाँड्रीतली नोकरी राहिली असती. आपल्या मुलीला काही सांगायची वेळ आली नसती.

“ओरडले होते,” काकू म्हणाल्या. “पण ‘थांबा’ म्हणून नाही. ‘मोकळं’ म्हणून ओरडले. हे विचारत होते वर मोकळं आहे का, आणि मी मोकळं म्हटलं. यांनी माझं ऐकलं म्हणून तर झालं सगळं.”

“पण वर ती होती.”

“मला दिसत नाही, बाई. समोरचं दिसत नाही. बरेच दिवस झाले. टाकीवरची पाटी मला पाठ आहे.”

 कॅप्टनच्या चेहऱ्यावर काय होतं ते काकूंना दिसलं नाही, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बाई लिहीत राहिल्या. काका हलकेच म्हणाले, “कशाला बोललीस?” ते इतक्या हळू, की बायकोशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये.

 घरी आल्यावर काकूंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या, आणि पेला ठेवता ठेवताच विचारलं.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

काकांनी शर्टाची गुंडी सोडवली. मग पुन्हा लावली. “माझ्या पांढऱ्या शर्टाला तू निळ्या दोऱ्याने बटण लावलंस ना, तेव्हापासून शंका आली. मग बघायला लागलो. तू माझ्याशी बोलताना कॅलेंडरकडे बघतेस.”

“आणि बोलला नाहीत.”

“तू सांगशील म्हणून वाट बघितली.”

“खोटं बोलू नका.”

काकांनी गुंडी पुन्हा सोडवली. “बोललो असतो तर तू आली नसतीस,” ते म्हणाले. “तू आली नसतीस तर मला उडवता आलं नसतं. एवढंच. दुसरं काही चांगलं कारण नाही माझ्याकडे.”

काकूंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. इतके दिवस त्यांनी स्वतःला जेवढे बोल लावले होते, ते सगळे एकदम उलटून नवऱ्याच्या दिशेने गेले. “माझ्या भरवशावर उडत होतात! भरवसा पोकळ आहे हे माहीत असून! मी येडी, मला वाटायचं मी तुमच्यासाठी लपवतेय. मी रोज तिथे जीव मुठीत धरून उभी राहायचे. आणि तुम्ही पेटीत डोळे घालून मजेत विचारायचात, वर मोकळं आहे ना? कशाला विचारायचात? कुणाला विचारायचात?”

“तुला बरं वाटायचं,” काका म्हणाले. “विचारलं की तू ताठ उभी राहायचीस. घरात कुणी तुला काही विचारत नाही.”

“मग ती पोरगी?”

“मला वाटलं, आकाश केवढं मोठं आहे. त्यात कोण येतंय मध्ये?” त्यांचा आवाज फुटला. “कुणी येईल असं वाटलंच नाही गं.”

 दोघांनी एकमेकांना सांभाळलं होतं, अगदी जिवापाड, आणि त्याची किंमत तिसऱ्याच कुणीतरी मोजली होती, जिला यांची नावंही माहीत नव्हती. काकूंना नवऱ्याचा राग येत होता आणि त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हेही कळत होतं. दोन्ही एकदम वाटण्याचा त्यांना भयंकर त्रास झाला. त्यांनी चहा टाकला, कारण ती वेळ झाली होती. तो दोघांनीही अर्धाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाँड्रीत जाऊन डोळ्यांचं सांगून टाकलं, आणि तिथूनच हॉस्पिटल गाठलं. काका बरोबर यायला निघाले होते. दारापर्यंत आले आणि म्हणाले, “मी खाली बाकावर बसतो. तू जाऊन ये. मला जमणार नाही.” काकूंनी आग्रह केला नाही. त्यांना एकटीलाच जायचं होतं.

खोलीत त्या मुलीची आई होती. कोण आल्या आहेत हे कळल्यावर ती काही न बोलता उठून बाहेर गेली. दार तिने आपटलं नाही, पण नीट लावलंही नाही. काकू पलंगाच्या कडेला स्टुलावर बसल्या. औषधाचा वास येत होता. पलंगाच्या जागी एक पांढरट लांबोळकी आकृती होती आणि मध्ये तो डाग.

“मी टेलरकाकू,” त्या म्हणाल्या. “मैदानावर बघायचं काम माझं होतं.”

“सांगितलं मला मॅडमनी,” मुलगी म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा जाड होता, मुलांवर ओरडायची सवय असलेला. “दिसत नसताना बघत होतात म्हणे.”

“हो.”

“का?”

काकू घरून सगळं ठरवून आल्या होत्या. नवऱ्याची पाठ, भिंत, सगळं. आता त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना. सगळं खरं होतं, आणि या पलंगापाशी त्याचा काही उपयोग नव्हता. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “माफी मागायला तोंड नाही, पण मागायला आलेय.” बोलताना त्यांनी सवयीने मान खिडकीकडे वळवली, मुलीचा चेहरा कडेने तरी दिसावा म्हणून.

“निदान माझ्याकडे बघून तरी बोला!” मुलगी एकदम ओरडली. “इथवर आलात आणि तोंड फिरवून बसलात! लाज वाटते ना बघायची?”

काकूंनी दचकून मान सरळ केली. समोर डाग आला, चेहरा गेला.  सरळ बघितलं की लोकांचं समाधान होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या दिवशीही त्या अशाच सरळ बघत होत्या.

“नाही गं बाई,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मान खिडकीकडे नेली. “असं सरळ बघितलं तर तू नाहीशी होतेस. तुला बघायचं तर मला दुसरीकडेच तोंड करावं लागतं. तुला राग येईल, पण असंच दिसतं मला. आता दिसतेयस.”



“काय दिसतंय?” मुलीने विचारलं.

काकू सांगायला लागल्या. पाठ केलेलं काही नव्हतं, त्यामुळे अडखळत, थांबत थांबत. “केस बारीक कापलेत. हनुवटीवर टाके आहेत. डोळ्याखाली काळंनिळं झालंय, डाव्या. तू माझ्याकडेच बघतेयस.” त्या थांबल्या. “तू लहान आहेस गं. मला वाटलं होतं तू मोठी असशील.”

“आणि पाय?”

काकूंनी पायाकडे अजून बघितलं नव्हतं.

“पाय बघा माझा,” मुलगी म्हणाली. तिने चादर ओढून बाजूला केल्याचा आवाज आला. “सगळे येतात आणि चेहऱ्याकडे बघून बोलतात, होईल बरं म्हणतात. तुम्ही बघा.”

काकूंनी मान आणखी थोडी फिरवली. पाय हळूहळू कडेला आला. लोखंडी कड्या, त्यांतून आत गेलेल्या सळ्या, सुजलेली पिवळी कातडी, आणि पलीकडे काळपट पडलेली बोटं.  काकूंनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

“दिसला?”

“दिसला.”

“नीट बघा,” मुलगी म्हणाली.

काकू खिडकीबाहेर तोंड करून बघत राहिल्या.